मैथिलीच्या गालावरची लाली

"मॅडम, मैथिलीला कावीळ झालीय का?"

सकाळी सकाळी फोनवर हा प्रश्न. मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. हाताला सालं चिकटलेली, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. पलीकडे पंकज सर, मुंबईच्या ऑफिसातून.

"कसली कावीळ?"

"पिवळी दिसते हो ती! कॉमेंट वाचा जरा. लोक विचारतायत, हिरॉईन आजारी आहे का. गेले तीन एपिसोड तिच्या गालावर लालीच नाही. चेक कोण करतं? तुम्हीच ना?"

मीच करते. आणि मैथिली माझी कुणी नातेवाईक नाही. एका रोमान्स कॉमिकची ती नायिका. मी महाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, तिथून रिटायर झाले आणि या धंद्यात पडले. गावात सांगितलं की कॉमिकचं काम करते, तर लोकांना वाटतं ससा आणि कासव. नाही हो. ही मोबाईलवरची कॉमिकं. बोटानं वर सरकवत जायचं, एकाखाली एक चित्र येत जातं. दर शनिवारी एक एपिसोड. मुंबईची स्टोरी टीम कोणत्या एपिसोडमध्ये काय घडणार याचा कागद पाठवते. एकजण त्यावरून रेषांची चित्रं काढतो. आश्विनी नावाची मुलगी ती रंगवते. मी मराठी संवाद लिहिते, सगळं एकदा नजरेखालून घालते आणि वर पाठवते. वर म्हणजे पंकज सर, प्रॉडक्शन हेड.

आता लाली म्हणजे काय, ते सांगते. कॉम्प्युटरवर रंग थरांत भरतात. काचेवर काच ठेवावी तसे थर, त्यांना लेयर म्हणतात. कातडीचा एक, कपड्यांचा एक, सावलीचा एक. प्रत्येक लेयरच्या शेजारी छोटासा डोळा असतो. डोळा बंद केला की तो थर दिसेनासा होतो, उघडला की परत दिसतो. गालावरची लाली हा असाच एक वेगळा लेयर. ऑफिसचा नियमांचा कागद आहे. त्यात लिहिलंय, नायक-नायिका एका चौकटीत आले की लाली चालू. नायकानं हात लावला की वरून गुलाबाच्या पाकळ्या चालू. त्यामुळे आमचा नायक मिहिर मैथिलीकडे स्टेपलर मागायला आला तरी ती लाल. लिफ्टमध्ये भेटला तरी लाल. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सर, पोरीला गोवर आल्यासारखी दिसते." कोण ऐकतंय!

आणि ते तीन एपिसोड कुठले? तेच तर सांगायचंय.

मिहिर हा मैथिलीचा बॉस. जबडा गुण्यानं आखल्यासारखा, स्वभाव त्याहून कडक. त्याला संशय येतो की मैथिलीचं दुसऱ्या कुणाशी तरी आहे. तो तिला केबिनमध्ये बोलावतो, दार आतून लावतो, तिची दोन्ही मनगटं भिंतीला दाबून धरतो. ती रडते, नको म्हणते. मग एक पूर्ण काळी चौकट. मग सकाळ. कागदावर याचं नाव होतं, 'इंटेन्स लव्ह सीन'. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लगेच फोन लावला होता.

"सर, ह्याला बलात्कार म्हणतात."

"मॅडम, शब्द जपून वापरा. तो हिरो आहे."

"मग?"

"हिरो असं कसं करेल?"

"तुमच्याच कागदावर करतोय की!"

बरीच वादावादी झाली. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे, तुमचा मान राखतो. आपण ट्रॉमा दाखवू. दोन एपिसोड देतो ट्रॉमाला." सी.एल. मंजूर करावी तसं! दोन एपिसोड मैथिली उदास बसणार, मिहिर तिच्या दारात फुलं घेऊन उभा राहणार, तिसऱ्यात देवळात माफी आणि साखरपुडा.

मी या धंद्यात आल्यापासून हेच बघतेय. कॉमिकमध्ये गुंडानं केलं तर ते कधी पुरं होत नाही. नायक वेळेवर येतो, गुंडाला बडवतो, नायिकेच्या फाटलेल्या बाहीवर आपलं जाकीट टाकतो. पुढच्या चौकटीत तीच त्याच्या जखमेला मलम लावत असते. ती विसरलीसुद्धा! आणि नायकानंच केलं तर त्याला दुसरंच काहीतरी नाव मिळतं. मग जास्त रडतो कोण? तोच. त्याचं लहानपण वाईट गेलेलं असतं. ती बिचारी त्याचे डोळे पुसते. तिला एखादं वाईट स्वप्न पडतं, तो मिठी मारतो, स्वप्न बंद. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. त्या बाईला आता आतून कडी लावलेल्या खोलीत बसवत नसेल, ती तीन-तीनदा आंघोळ करत असेल, आईवर विनाकारण खेकसत असेल, हे कुणी काढतच नाही. का, तर म्हणे वाचक कंटाळतात.

तर त्या सकाळी मी वाल तसेच ठेवले आणि आश्विनीला फोन लावला.

आश्विनी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. शाळेत माझ्याकडे होती, त्यामुळे मला अजून बाई म्हणते. मुंबईला ॲनिमेशनचा डिप्लोमा करून परत आली. घरी नेटवर्कची बोंब, म्हणून महाडात एक खोली भाड्यानं घेऊन तिथून काम करते, शनिवारी-रविवारी वर जाते. हात सोन्याचा आणि जीभ तिखट.

"आश्विनी, मैथिलीची लाली कुठं गेली गं?"

"डोळा बंद केलाय."

"एक्स्पोर्ट करताना राहिला का?"

"राहिला नाय बाई. केलाय. त्या केबिनपासून तिला त्याच्यासमोर लाज कशी येईल? भीती येईल. भीतीनं माणूस पांढरं पडतं. तुम्हीच शिकवलंत ना नववीत?"

शिकवलं होतं खरं. माझी मीच पकडली गेले. मग मी तेच केलं जे सगळे करतात. आवाज खाली आणला आणि म्हटलं, "आश्विनी, बाळा, तुझ्या बाबतीत कधी असं काही…"

"बाई!" ती फोनवरच कडाडली. "माझ्या बाबतीत काय व्हायलाच पायजे काय, मला कळायला? तुम्ही सरांशी भांडलात, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का असं?"

मग म्हणाली, "दुपारी येते तुमच्याकडं. फोनवर नको."

दुपारी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. तिच्या वाडीत दीपाली नावाची मुलगी आहे. नाव मी बदललंय. बावीस वर्षांची, आई-वडील नाहीत, मामा-मामीकडे वाढलेली. पोलादपुरात एका दुकानात कामाला होती. एका संध्याकाळी एस.टी. चुकली. शेजारच्या वाडीतला एक तरुण, इथल्या एमआयडीसीत नोकरीला, ओळखीचाच. त्यानं मोटरसायकलवर घेतलं आणि मधेच गाडी रानात वळवली. आठवडाभर ती काही बोलली नाही. मग आश्विनीला बोलली. मग घरी कळलं, मग गावकीला.

गावकी म्हणजे गावातल्या पुरुषांची बैठक. देवळाच्या सभामंडपात बसतात, मुंबईला असलेल्यांना फोन लावतात आणि गावाचं काय ते ठरवतात. रस्त्याचं ठरवतात, पालखीचं ठरवतात, आणि हेही ठरवतात. त्यांनी तोडगा काढला होता. मुलगा लग्नाला तयार आहे. रविवारी बसायचं, दोन्ही घरांनी हो म्हणायचं, नारळ द्यायचा, विषय संपला.

"पोलिसात का नाही गेलात?" मी ओरडलेच.

"मी बोलले तिला, चल ठाण्याला, मी येते. ती बोलते, मामी बोलेल ते. आणि काकी काय बोलते माहीत हाय?" आश्विनी त्या मामीला सुमनकाकी म्हणते, शेजारीच राहतात. "काकी आपलं कॉमिक वाचते बाई. पहिल्यापासून. दर शनिवारी वळणावर जाऊन डाऊनलोड करते, तिथंच नेट मिळतं ना. मग घरी सगळ्या पोरींना वाचून दाखवते, आमच्या आश्विनीनं रंगवलंय म्हणून. आता दीपूला बोलते, बघ गो, मिहिर पन चुकला, पन पस्तावला. मैथिली त्याला माफ करनारच, बघ तू."

आणि मैथिली माफ करणारच होती. येत्या शनिवारीच. रविवारच्या बैठकीच्या आदल्या दिवशी. फाईल माझ्यासमोर कॉम्प्युटरवर उघडी होती.

मी तिथूनच पंकज सरांना फोन लावला.

"सर, शनिवारचा एपिसोड थांबवा."

"शनिवारचा एपिसोड शनिवारी जातो, मॅडम."

"मग शेवट बदला. साखरपुडा काढा. ती म्हणू दे, मला तुझं तोंड बघायचं नाही. मी आज संध्याकाळपर्यंत संवाद लिहून देते."

"आणि मग पुढचे वीस एपिसोड काय दाखवू? कोर्ट?"

"दाखवा की! एवढी वर्षं कॉफी दाखवलीत, थोडे दिवस कोर्ट दाखवा."

"मॅडम, आपण कंटेंट करतो, समाजसेवा नाही करत. ट्रॉमाला मी दोन एपिसोड दिले. तेवढे दुसरं कुणी देत नाही. तुम्ही फक्त लाली लावून पाठवा."

एक खरी मुलगी आहे, तिला हे वाचून दाखवतायत, हेही मी सांगितलं. सर क्षणभर थांबले. मला वाटलं, पाझर फुटला. म्हणाले, "म्हणजे रूरलमध्येही आपला रीच आहे! गुड." कपाळ माझं!

"आश्विनी लाली लावणार नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे. मग मी बघतो."

ऑफिसात या दोन शब्दांइतकं भयंकर काही नाही. आपल्यापेक्षा कमी कळणारा माणूस 'मी बघतो' म्हणाला की समजावं, आता काही खरं नाही.

शनिवारी दुपारी एपिसोड आला. मी उघडला आणि बघतच राहिले. त्याचं काय आहे, या सॉफ्टवेअरमध्ये 'ॲक्शन' नावाची सोय असते. एक काम एकदा शिकवून ठेवायचं आणि बटण दाबलं की सगळ्या फाईलींवर तेच होतं. सरांनी मैथिलीच्या साऱ्या फाईली निवडल्या, मागचे तीन एपिसोड आणि हा नवा, आणि बटण दाबलं. लाली आणि पाकळ्या एकाच गटात. सगळे डोळे एका झटक्यात उघडले. माफीच्या चौकटीत लाली आली, देवळात आली. आणि नव्या एपिसोडच्या सुरुवातीला मागची आठवण म्हणून केबिनचं ते चित्र परत घातलेलं, तिथंही आली. तो तिची मनगटं दाबून धरतोय, तिच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि गाल नव्या नवरीसारखे गुलाबी! वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत.

खाली कॉमेंटमध्ये लाल बदामांचा पाऊस. कुणीतरी लिहिलं होतं, 'शेवटी लाजलीच बघा!' दोघी-तिघींनी शिव्याही घातल्या होत्या, पण त्या खाली दबल्या होत्या.

"सर, तुम्ही हे बघितलंत का?"

"क्वालिटी चेक झालाय."

"कोणी केला?"

"सिस्टीमनं."

मी फोन आपटला. माझाच फोन, माझ्याच दिवाणावर. त्यानं काय होणार होतं!

तासाभरात आश्विनीचा फोन आला. ती वर घरी गेली होती, वळणावर उभी राहून बोलत होती. वाऱ्यात आवाज तुटत होता. "बाई, काकीनं बघितलं. दीपूच्या पुढ्यात मोबाईल धरला आणि बोलली, बघ, ती पन लाजते. आतून तिला पन त्यो आवडतच व्हता. दीपू उठून गेली. काकी आता बोलते, उद्या हो सांगायचं. बाई, तुम्ही या."

"मी येऊन काय करू? गावकी मला उभी करेल का?"

"गावकीत नको. काकीकडं या. तुम्ही कॉमिकवाल्या बाई, तिला तुमचं लय कौतुक हाय."

रविवारी सकाळी मी पोलादपूरची गाडी धरली, पुढं रिक्षा केली. रस्ताभर मनात पंकज सरांशी भांडत होते. आश्विनी वाडीच्या तोंडाशी पाठीला लॅपटॉप लावून उभी होती. देवळापाशी माणसं जमायला लागली होती. आम्ही त्या बाजूला न बघता सुमनताईंच्या पडवीत शिरलो.

"या बाई, या!" सुमनताई लगबगीनं उठल्या. पन्नाशीची, काटक, हसऱ्या डोळ्यांची बाई. मला वाटलं होतं कुणी खाष्ट मामी असेल. उलट तिनं आधी पाणी दिलं, मग कोरा चहा दिला आणि विचारलं काय, तर "लगीन कवा हाय मिहिरचं?"

"व्हायलाच नको," मी म्हटलं.

"अगो बाई, असं काय बोलता! पोरगा पाया पडला तिच्या."

"पाया पडला म्हणून केलेलं पुसलं जातं का, सुमनताई? तुमच्या दीपालीचं पुसलं का?"

त्यांचा चेहरा बदलला. आश्विनीकडे एकदा रागानं बघून त्या माझ्यासमोर बसल्या. "बाई, तुमी म्हाडात ऱ्हाता. तुमचं बराबर हाय. पन केस केली तर आमच्याशी कोन बोलनार नाय. लग्नाला बोलवनार नाय, मयताला खांदा देनार नाय. माझी दोन पोरं हायेत. आनि हिला उद्या कोन पदरात घेईल? त्यो लगीन करतो बोलतो. काय वाईट बोलतो? ती मैथिली शिकलेली, हापिसातली. तिनं केलंच ना माफ? वर लाजली!"

हे बाईनं वाईटपणानं म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की ती पोरीला विहिरीतून वर काढतेय. आश्विनीनं लॅपटॉप उघडून मामीच्या मांडीवर ठेवला. नेटवर्क नव्हतं, पण मूळ फाईल तिच्याकडे होती, तिला नेटवर्क लागत नाही. केबिनचं चित्र समोर आलं. लाली, पाकळ्या, सगळं.

"काकी, हे मी रंगवलंय. खरं ना?"

"व्हय. लय झ्याक रंगवलंयस."

"नाय. हे वरचं माझं नाय. हा डोळा दिसतो? हा बंद करते, बघ."

तिनं डोळा बंद केला. पाकळ्या गेल्या. पाकळ्यांखाली मैथिलीची मनगटं होती, आणि मनगटांवर बोटांचे वळ. आश्विनीनं ते जांभळे-निळे, एकेक करून रंगवले होते. मीही ते विसरले होते. मग तिनं दुसरा डोळा बंद केला. गालांवरची लाली गेली. खाली राखेसारखा चेहरा, कोरडे ओठ, डोळ्यांतून हनुवटीपर्यंत आलेलं पाणी.

सुमनताई वाकून बघत राहिल्या. "मग ती लाली कुनी लावली?"

"मुंबईच्या सायबानं. एका बटनावर. त्यानं चित्र बघितलं पन नाय."

"म्हंजे ती लाजली नव्हती?"

"नाय काकी. ती कवाच लाजली नव्हती."

"लाव बघू परत." आश्विनीनं लावली. "काढ." काढली. सुमनताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

आतल्या दारात दीपाली उभी होती. केव्हापासून, देव जाणे. ती पुढं आली, आश्विनीच्या शेजारी बसली आणि तिनं स्वतः त्या डोळ्यावर बोट ठेवलं. लाली आली. परत दाबलं, गेली. आली, गेली. किती वेळ ती तेच करत होती. मग तिनं ती बंद ठेवली आणि चित्राकडे बघतच म्हणाली, "माझा पन गाल लाल व्हता त्या दिवशी."

"काय गो?"

"मी घरी आले तवा. तू बोललीस, आज गाल लाल दिसतो गो, उन्हातून चालत आलीस काय. सांज झालेली मामी. ऊन कुठं व्हतं? त्यानं थोबाडलं व्हतं मला. दोनदा."

सुमनताई तिच्याकडं वळल्या. "मग बोलली का नाय मला?"

"तू हसत व्हतीस," दीपाली म्हणाली.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. सुमनताईच उठल्या. चहाचे कप उचलून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. बाहेर आल्या तेव्हा बाहेर जायची साडी नेसलेल्या होत्या आणि डोळे सुजले होते. तेवढ्यात मामा अंगणात आले. देवळातून त्यांना पाठवलं होतं.

"चला, सगळी बसलीत. मुंबईवाल्यांचा फोन पन लागला. हो सांगतो, काय?"

"सांगा, पोरगी ठाण्याला चाललीय. मामी बराबर हाय."

"पिसाळलीस काय? नारळ आनून ठेवलाय त्यांनी!"

"मग फोडून खा म्हनावं!" सुमनताई अशा ओरडल्या की शेजारच्या पडवीतली बाई बाहेर आली. "आनि तुमी हिकडं या नायतर तिकडंच बसा. मी चाल्ले."

मामा पाच मिनिटं अंगणातच उभे राहिले, देवळाकडे बघत. मग आले. पुढं न चालता मागून चालत आले, पण आले.

ठाण्यात काय होतं, ते कॉमिकवाल्यांनी एकदा जाऊन बघावं. तिथं पाकळ्या नसतात. बाकावर बसून राहावं लागतं. महिला पोलीस येईपर्यंत थांबावं लागतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि मधेच कुणीतरी पंखा चालू करतं. दीपालीनं सगळं सांगितलं. सुमनताई मधे मधे बोलत होत्या, त्यांना दोनदा गप्प बसवलं. "कडी लावू नका," एवढंच दीपालीनं मागितलं, आणि त्या महिला हवालदारानं दार उघडंच ठेवलं.

तो मुलगा पकडला गेला, केस उभी राहिली, ती अजून चालू आहे. गावकीनं म्हटल्याप्रमाणे केलं. त्या घरी कुणी जात नाही. सुमनताईंना देवळातल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. त्या आता बाजाराला महाडात येतात आणि माझ्याकडे चहा पिऊन जातात. कॉमिक वाचायचं त्यांनी सोडून दिलंय. दीपाली आश्विनीच्या खोलीवर राहते. तिला इथं एका दुकानात काम मिळालं. चार दिवस बरी असते, पाचव्या दिवशी उठतच नाही. आश्विनी तिला काही विचारत नाही, भात लावून ठेवते. सरांनी मंजूर केलेले दोन एपिसोड कधीच उलटून गेले.

इकडे मी ऑफिसला मेल पाठवला. एका बाजूला लालीवालं चित्र, दुसऱ्या बाजूला बिनलालीचं, खाली माझ्या तोंडाला आलं ते सगळं. त्याच सुमारास आणखी काही वाचक बायांनी आरडाओरडा केला, आणि वरच्या कुणाला तरी जाग आली. ते चित्र काढून टाकलं, कॉमिक थांबवलं. कारण दिलं, 'टेक्निकल एरर'. सिस्टीमचं कोणी काही वाकडं केलं नाही, सरांचंही नाही. आश्विनीला रोमान्समधून काढून भुतांच्या मालिकेवर टाकलं. शिक्षा म्हणून. ती खूश आहे. "भुतांना लाली नसते बाई," म्हणते, "डोक्याला ताप नाय."

मध्यंतरी पंकज सरांचा पुन्हा फोन आला. नवं रोमान्स सुरू करायचंय, नियमांचा कागद नव्यानं लिहितोय, आता सेन्सिटिव्ह राहायचं ठरलंय. "तुम्ही फार बोलता ना मॅडम, मग लालीसाठी एक ओळ सांगा. शॉर्टमध्ये."

"लिहा," मी म्हटलं. "लाली आपोआप लावू नये. लावायच्या आधी विचारावं."

"कुणाला? मला की आर्टिस्टला?"

"जिचा गाल आहे, तिला."

पलीकडे कीबोर्ड वाजला. नवा कागद परवा आला. सरांनी ओळ जशीच्या तशी उतरवून घेतलीय, पाकळ्यांच्या नियमाच्या खाली. पाकळ्यांचा नियम तसाच आहे.